खुंटीवरची दप्तरं

संरक्षण खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत, एक बाई बावीस वर्षं दुसऱ्या देशाची पोरं मोजत होती. खात्यात तिला मोजणीबाई म्हणत, तोंडावर नुसतं बाई. तिच्या टेबलावर एक मोठं भिंग, एक बोथट सुई आणि वर्तमानपत्रांच्या कात्रणांचा ढीग असे. नव्यानं बदलून आलेले अधिकारी दारातून डोकावत, हसू दाबत आणि पुढे जात. बाईंना त्याचं काही वाटत नसे. हसणारे बदलून जातात आणि आपण इथेच राहतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

ज्यांची पोरं मोजायची, त्यांना खात्यात 'पलीकडचे' म्हणत. मध्ये नदी, नदीवर एक पूल, आणि पुलाच्या त्या टोकाला पलीकडचे. शत्रू म्हटलं की कागदावर शिक्का वेगळा लागतो, फाईल वेगळ्या कपाटात जाते आणि ती पुन्हा मिळवायला चार सह्या लागतात. म्हणून पलीकडचे.

काम ऐकायला सोपं होतं. आज पहिलीत बसलेलं पोर बारा वर्षांनी अठराचं होतं आणि त्याच्या खांद्यावर बंदूक देता येते. म्हणजे पलीकडे पहिलीत किती पोरं आहेत हे कळलं, की बारा वर्षांनी त्यांच्या चौक्यांवर किती माणसं उभी असतील हे कळतं. आणि ते कळलं, की आपण त्यांच्यावर वचक कसा आणि किती ठेवायचा हे वरच्या मंडळींना ठरवता येतं.

अडचण एकच होती. अकरा वर्षांपूर्वी पलीकडच्यांनी जन्मांचे आकडे छापणं अचानक बंद केलं. त्यांनी बंद केलं म्हणताना आपल्या लोकांनीही बंद केलं, नाहीतर आपण मागे नसतो का पडलो! तेव्हा बाईंनी डोकं लढवलं. पलीकडे शाळा सुरू झाली, की गावोगावच्या साप्ताहिकांत पहिलीच्या वर्गाचा फोटो येतो. वर्गाबाहेरच्या लांब पडवीत, दप्तरांच्या खुंट्यांखाली सगळी पोरं ओळीनं उभी करायची आणि फोटो काढायचा, ही नदीच्या दोन्ही काठांची जुनी रीत. कोणत्या गावात किती वर्ग, ही यादी निराळी छापून यायची आणि ती फारशी बदलत नव्हती. बाई दरवर्षी साडेतीनशेच्या आसपास फोटो मिळवत आणि एकेका चेहऱ्यावर सुईचं टोक ठेवत मोजत. अकरा वर्षांपूर्वी एका वर्गात सरासरी सत्तावीस पोरं होती. यंदा भरली सोळा. एक्केचाळीस टक्क्यांची घट.

हा आकडा म्हणजे बाईंच्या आयुष्याची कमाई होती. मंत्र्यांनी तो भर सभेत उचलला. "त्यांच्याकडे लढायला पोरंच उरणार नाहीत!" असं ते म्हणाले आणि टाळ्या थांबेनात. उपसचिवांनी त्या आकड्यावर नव्वद पानांचं नवं धोरण लिहून काढलं. जुना नियम असा होता की आपली क्षेपणास्त्रं नदीपासून तीन दिवसांच्या वाटेवर कोठारात ठेवायची, आणि दर महिन्याला पुलावर दोन्ही बाजूंनी बसून बोलायचं. काही बिनसलंच तर मधले तीन दिवस डोकं थंड व्हायला मिळत. नवं धोरण म्हणत होतं, कशाला थांबायचं? पलीकडचे घटत चाललेत. क्षेपणास्त्रं थेट काठावर आणा, पुलावरची बोलणी बंद करा, आता रेटलं की ते वाकतील. गुरुवारी समितीचं मतदान होतं. त्याआधी, दरवर्षीसारखी, आकड्याखाली मोजणाऱ्याची सही लागणार होती. सहीवाचून आकडा समितीपुढे ठेवता येत नसे.

त्याआधीच्या रविवारी बाई लेकीकडे गेल्या होत्या.

लेकीची मुलगी नुकतीच पहिलीत गेली होती. दिवसभर काहीतरी गुणगुणत घरभर फिरायची, म्हणून तिला सगळे भुंगी म्हणत. शाळेनं वर्गाचा फोटो पालकांच्या फोनवर धाडला होता. बाईंनी चष्मा पुसला, फोन नाकाशी धरला, एक ओळ बघितली, दुसरी बघितली.

"अगं, भुंगी कुठंय यात?"

"नाहीये ती," लेक कपडे घडी करता करता म्हणाली. "मी परवानगी दिली नाही."

"कसली परवानगी?"

"फोटोची. दोन वर्षं झाली, कागद पाठवतात शाळेतून. हो किंवा नाही लिहायचं. मी नाही लिहिलं."

"म्हणजे सगळी पोरं फोटोला उभी राहिली आणि आपली पोर तेवढी कोपऱ्यात? काय नडलं असतं गं एका फोटोनं?"

"आई, तो फोटो कुठे कुठे फिरतो, कोण कोण बघतं, काय माहीत आपल्याला? कुठेतरी कोणीतरी बसून माझ्या पोरीकडे टक लावून बघत असेल, ते मला नको."

बाईंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. लेकीला आईची नोकरी 'सरकारी, कागदोपत्री' एवढीच ठाऊक होती. "तुझ्या संशयी स्वभावाला औषध नाही," असं काहीतरी त्या बोलून गेल्या. लेकीनंही उलट सुनावलं, आणि मायलेकींची पाचदहा मिनिटं चांगलीच जुंपली. शेवटी भुंगीच मध्ये घुसली.

"आजी, भांडू नको. माझं दप्तर आलंय फोटोत. हे बघ."

तिनं बोट ठेवलं. पोरांच्या डोक्यांवर खुंट्यांची रांग होती, आणि शेवटून तिसऱ्या खुंटीवर पिवळं दप्तर. कोपऱ्यावर निळं ठिगळ. ते ठिगळ बाईंनी स्वतः लावलं होतं, जरा वाकडंच.

बाईंनी सवयीनं मोजलं. पोरं एकोणीस. मग, असे फोटो बघायला लागल्यापासून पहिल्यांदाच, त्यांची नजर वरच्या रांगेवर गेली. दप्तरं सव्वीस.

"वर्गात आणखी कोणी नाही म्हटलंय का गं?" त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"सात आयांनी. मी धरून. का?"

बाई खुर्चीत बसल्या. हा फोटो पलीकडच्या एखाद्या साप्ताहिकात आला असता, तर आपण एकोणीस लिहिलं असतं आणि पान उलटलं असतं. स्वतःची नात, सहा वर्षांची, दोन दात पडलेली, आपण जन्मालाच घातली नसती. लेकीला वाटलं साखर कमी झाली असावी. तिनं घाईनं चहात दोन चमचे जास्त घातले.

सोमवारी बाई कुलूप उघडायच्या आधीच खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्यासोबत त्या खोलीत कात्रणवाला बसायचा. पन्नाशीचा गृहस्थ, एकोणीस वर्षं कात्री चालवून अंगठ्याला घट्टा पडलेला, आणि जिभेला हाड नसलेला.

"यंदाचे सगळे फोटो काढा," बाई म्हणाल्या. "आणि अकरा वर्षांपूर्वीचेही. पोरं मोजायची नाहीत. दप्तरं मोजायची."

"दप्तरं? आता सैन्यात दप्तरांची भरती होणार का, बाई?"

"हसा नंतर. आधी मोजा."

तीन दिवस दोघं मान मोडून मोजत होते. सगळ्या फोटोंत खुंट्या पूर्ण दिसत नव्हत्या. ज्यांत दिसत होत्या असे यंदाचे एकशे बारा निघाले. जुन्या फोटोंत पोरं सत्तावीस तर दप्तरंही सत्तावीस, कुठे एखाद्याचा फरक, कोणी आजारी बिजारी असेल. यंदा पोरं सोळा आणि दप्तरं बावीस. म्हणजे घट होती, खोटी नव्हती, पण एकोणीस टक्क्यांची. एक्केचाळीसची नव्हे. उरलेली पोरं धडधाकट होती, शाळेत होती, फक्त आयांनी कागदावर 'नाही' लिहिल्यामुळे फोटोच्या कडेबाहेर उभी होती.

बुधवारी दुपारी कात्रणवाल्यानं 'किरकोळ' असं लिहिलेल्या फाईलमधून एक कात्रण काढलं आणि बाईंपुढे सरकवलं. सहा वर्षांपूर्वीचं. पलीकडे नवा कायदा झाला होता, पालकांच्या परवानगीवाचून पोरांचा फोटो छापायचा नाही. कात्रणाच्या कोपऱ्यात निळ्या शाईत लिहिलं होतं, 'पाहिलं'. अक्षर बाईंचं होतं.

त्या कागदाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. आकडा घसरायला लागला तोही सहा वर्षांपूर्वीच. पाहिलं! काय डोंबलाचं पाहिलं? त्यांना इतकी लाज वाटली की कात्रणवाल्यासमोर बसवेना. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई," तो मागून म्हणाला, पहिल्यांदाच सरळ आवाजात, "हे कात्रण मी बघितलंच नाही असं समजा. सात महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय. कोणाला पत्ता लागणार आहे?"

"मला लागलाय ना," बाई म्हणाल्या. तिथून त्या तडक उपसचिवांकडे गेल्या.

उपसचिव चाळिशीचे, तुकतुकीत, बोलायला मिठ्ठास. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, एकशे बारा फोटोंचा तक्ता वरवर चाळला आणि बाजूला ठेवला.

"मॅडम, ती दप्तरं दुसऱ्या वर्गाची नसतील कशावरून?"

"अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्गाची टांगली नव्हती, ती आताच कशी आली? आणि नेमका तो कायदा झाल्यावरच?"

"बरं, धरून चालू तुमचं खरं. घट आहे ना? आहे. मग दिशा बदलली का? नाही बदलली. उद्या मतदान होऊन जाऊ दे. नंतर सवडीनं एक सुधारित टिपण काढा. मी स्वतः पुढे पाठवतो."

"मतदान झाल्यावर गाड्या निघतील, साहेब. त्या काय टिपण वाचून मागे फिरतात?"

"तुम्ही थकलाय," उपसचिव हळुवारपणे म्हणाले. "आणि जरा स्वतःचाही विचार करा. हे बाहेर आलं तर चूक कोणाची ठरेल? माझी नाही. मंत्र्यांची तर नाहीच. बावीस वर्षं राबून शेवटी चौकशी? निवृत्तीनंतर तुम्हाला सल्लागार म्हणून घ्यायचं माझ्या मनात आहे. सहीचा कागद उद्या टेबलावर असेल. दरवर्षी करता तशी सही करा, एवढंच."

बाईंना राग यायला वेळ लागत असे. पण एकदा आला की तो आवरणं त्यांच्या हातात उरत नसे.

"साहेब, चूक माझीच आहे," त्या म्हणाल्या. "ती मी कोणाच्या बापाला भिऊन लपवणार नाही. एक्केचाळीस हा आकडा मी जन्माला घातला, तो मीच मागे घेणार. तुमची नव्वद पानं त्याच्यावर उभी आहेत म्हणून मी तो धरून ठेवू? कागदच आहे ना, फाडता येतो. नदीकाठी नेऊन ठेवलेलं काही असं फाडता येत नाही."

"मग उद्या बैठकीला तुम्ही न आलेल्या बऱ्या. सहीपुरतं मी कात्रणवाल्यांना बोलावून घेईन."

"बोलवा की. त्याचा अंगठा बघा आधी. एकोणीस वर्षं खरं ते कापून ठेवत आलाय तो."

बोलून तर गेल्या, पण बाहेर येताच त्यांना उमगलं की आता सगळा भार त्याच्यावर पडणार. कात्रणवाल्याचं कुटुंब मोठं होतं आणि नोकरीची आठ वर्षं बाकी होती. त्यानं सही केली असती तर त्याला दोष देता आला नसता. खोलीत जाऊन त्यांनी सगळं जसंच्या तसं त्याला सांगितलं. त्यानं ऐकलं, कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली, ड्रॉवरला कुलूप लावलं आणि म्हणाला, "उद्या माझी कंबर धरणार आहे, बाई. जबरदस्त. उठताच येणार नाही अंथरुणावरून."

गुरुवारी सकाळी कात्रणवाल्याची रजेची चिठ्ठी आली, आणि उपसचिवांना झक मारत बाईंना आत घ्यावं लागलं.

समितीची खोली लांबट, खिडक्यांवर जाड पडदे, टेबलाभोवती नऊ माणसं. टेबलाच्या टोकाला जनरल बसले होते. जाड भिवया, बसका आवाज, आणि पलीकडच्यांना एकदा चांगली अद्दल घडवावी अशी चाळीस वर्षांची मनीषा. नव्या धोरणाच्या बाजूनं पहिला हात त्यांचाच वर होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंच्या पुढ्यात सहीचा कागद आला. 'घट : ४१ टक्के.' खाली रेघ, रेघेखाली 'मोजणाऱ्याची सही'. शेजारी पेनही टोपण काढून ठेवलं होतं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"ही सही मी करणार नाही," त्या म्हणाल्या. "आकडा चुकलाय. सहा वर्षं चुकतोय आणि चुकवणारी मी आहे."

उपसचिव अर्धे उठले. "साहेब, मॅडमची तब्येत..."

"तब्येत ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. पर्समधून भिंग काढून त्यांनी ते टेबलावरून सरळ जनरलकडे सरकवलं, मागोमाग एक फोटो. "जनरलसाहेब, तुम्ही मोजा. आधी पोरं, मग वरची दप्तरं. मी काही बोलत नाही."

जनरलांना वाटलं असावं की ही बाई आपली चेष्टा करते आहे, पण समोर भिंग आणि फोटो असताना न मोजणंही त्यांना जमेना. ते वाकले. त्यांचं जाडजूड बोट एकेका चेहऱ्यावर थांबत पुढे गेलं, ओठ हलत राहिले. "सतरा," ते म्हणाले. मग बोट वरच्या रांगेत गेलं. अर्ध्यात चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"चोवीस."

"अजून एकशे अकरा आहेत," बाई म्हणाल्या.

"मग ही सात पोरं कुठायत?"

"तिथेच, साहेब. फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे उभी. आयांनी परवानगी दिली नाही म्हणून. मी सहा वर्षं त्यांना मेलेली धरली. नव्हे, न जन्मलेलीच धरली. खरी घट एकोणीस टक्के आहे."

आता बडबड सुरू झाली. एक जण म्हणाला एकोणीस काय कमी आहे, दुसरा म्हणाला मंत्र्यांच्या भाषणाचं काय करायचं. उपसचिव म्हणाले की दिशा तीच आहे, पलीकडचे दुबळे होताहेत हे उघड आहे आणि दुबळ्याला रेटायची हीच वेळ आहे.

"कोणी सांगितलं दुबळा माणूस वाकतो म्हणून?" बाईंचा आवाज चढला, आणि त्यांनी तो खाली आणला नाही. "एक्केचाळीस खरे असते तरी मी हेच म्हटलं असतं. ज्याच्या घरात एकच पोर उरलंय तो दार उघडं टाकून पळतो का? तो दाराला दोन कड्या घालतो आणि उशाशी बंदूक घेऊन बसतो. चौकीवर उभं करायला माणूस नसेल तर पलीकडचे बटणावर भिस्त ठेवतील. आणि आपण क्षेपणास्त्रं काठावर नेऊन त्यांच्या विचाराचे तीन दिवस तीन मिनिटांवर आणणार. याला वचक म्हणतात का? घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवायचं आणि त्याचं बोट थरथरणार नाही अशी आशा करायची, याला तुम्ही काय म्हणता ते म्हणा."

जनरल भिंगाशी चाळा करत होते. "दुसरा फोटो कुठला आहे? तो, तुमच्या हाताखालचा?"

"तो आपला. इकडचा. यंदाचा. पोरं एकोणीस, दप्तरं सव्वीस. आपल्याकडेही दोन वर्षांपासून परवानगी घेतात." बाईंनी तो फोटो पुढे केला. "पलीकडेही माझ्यासारखी एखादी बाई बसलेली असेल. आपली साप्ताहिकं तिच्याकडे जात असतील. तीही चेहरे मोजत असेल आणि वरच्यांना सांगत असेल, की इकडचे संपत चाललेत, रेटा, वाकतील. तिला अजून दप्तरं दिसली नसतील."

हे मात्र जनरलांना लागलं. पलीकडच्यांची संख्या जास्त निघाली याचं त्यांना एक वेळ काही वाटलं नसतं. पण पलीकडचे आपल्याला कमी समजत असतील, हे त्यांच्या जिव्हारी झोंबलं.

"मग करायचं काय?" ते गुरगुरले.

"फोटोखाली पटावरची संख्या छापायची. सगळ्या शाळांनी, उघड. आपली पोरं किती ते त्यांना कळू दे."

"शत्रूला आपली पटसंख्या सांगायची? उद्या म्हणाल कोठाराच्या किल्ल्याही त्यांच्या पोस्टात टाका!"

"किल्ल्या नकोत. पोरं आहेत, एवढं कळू दे. वचक वचक म्हणतो तो आहे त्या गोष्टीचा बसतो, साहेब. लपवलेल्याचा कसा बसेल?"

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. जनरलांनी सहीचा कागद ओढून घेतला, रिकाम्या रेघेकडे पाहिलं आणि तो पालथा घातला.

"ज्या पोरांचा पत्ता नाही त्यांच्या भरवशावर मी एकही गाडी कोठाराबाहेर काढणार नाही," ते म्हणाले. "मतदान नाही. पुलावरची बोलणी चालू राहतील. आकडा नव्यानं मोजा, दुसऱ्या माणसाकडून. आणि या बाईंची चौकशी लावा. सहा वर्षं चूक चालते म्हणजे काय?"

"लावा," बाई म्हणाल्या. "पहिली साक्ष मीच देते. ते कात्रण माझ्याकडे आहे, माझ्याच अक्षरातलं."

त्यांनी भिंग परत मागितलं. जनरलांनी ते दिलं, पण इकडचा फोटो हातातच ठेवून विचारलं, "यातली तुमची कोणी आहे का?"

"नात आहे."

"कुठली?"

"ती यात नाही. शेवटून तिसरी खुंटी, निळं ठिगळ."

दुसऱ्या दिवशी बाईंना घरी बसवलं. चौकशी पुरी होईतो कार्यालयात पाऊल टाकायचं नाही, असा कागद आला. खाली उपसचिवांची झोकदार सही होती. कात्रणवाल्यानं फोन करून कळवलं की कंबर आता बरी आहे आणि खोलीत भलतंच ओकंओकं वाटतं.

रविवारी बाई पुन्हा लेकीकडे गेल्या. चपला काढता काढताच म्हणाल्या, "तू फोटोला नाही म्हटलंस ते बरोबर केलंस. मी उगाच बोलले."

लेकीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. आई स्वतःहून माघार घेते आहे म्हणजे काहीतरी मोठं बिनसलं असणार. "काय झालंय?"

"तू म्हणाली होतीस ना, कोणीतरी कुठेतरी बसून बघत असेल." बाईंनी चपला भिंतीशी सरकवल्या. "पलीकडे कोण बसतं ते मला माहीत नाही. इकडे मी बसत होते. अकरा वर्षं. त्यांच्या पोरी बघत."

लेकीनं हातातला कप खाली ठेवला. तिला राग आला होता, तो लपवायचा तिनं प्रयत्न केला नाही. मग तिनं विचारलं, "नावं ठाऊक होती?"

"नाही. पण कोणाचे दात पडलेत ते ठाऊक असायचं. दरवर्षी मी म्हणायचे, या वयात सगळ्यांचे सारखेच पडतात." बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "चौकशी लागलीय माझी. जाईल बहुतेक सगळं. पण खोट्या आकड्याखाली सही नाही केली मी. एवढं तुला माहीत असावं."

लेक उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात शाळेचा कागद होता. खेळांच्या दिवशी फोटो काढणार होते, पुन्हा परवानगी मागितली होती.

"हा तू भर," ती म्हणाली. "आजीची सही चालते."

भुंगी टेबलाच्या काठाला हनुवटी टेकवून बघत राहिली. बाईंनी चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं आणि 'नाही'च्या चौकोनात ठसठशीत खूण केली. सही केली. मग थांबल्या. सहीखाली बोटभर जागा कोरी होती. तिथे त्यांनी, कोणी मागितलेली नसताना, आपल्या बारीक कारकुनी अक्षरात लिहिलं,

'फोटो काढू नये. मूल आहे. मोजावे.'